वारसा पापाचा की ऋणाचा?

सेवाग्राम आश्रमात बापूकुटीपासून थोड्या अंतरावर एक लहानशी कुटी आहे. परचुरे शास्त्रींची कुटी म्हणून ती ओळखली जाते. संस्कृतचे हे विद्वान येरवड्याच्या कारागृहात गांधीजींचे सहबंदी होते. पुढे त्यांना कुष्ठरोगाने गाठले आणि १९३९ साली ते सेवाग्रामला आश्रयासाठी आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, आश्रमातच त्यांच्या निवासाची सोय केली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. त्या सेवेचे छायाचित्र पुढे देशभर पोहोचले.

त्या काळी कुष्ठरोग्याला पाहणाऱ्याच्या मनात औषधाचा विचार नंतर येई. आधी प्रश्न उमटे तो असा : याने कोणते पाप केले असेल? या जन्मी दिसत नसेल तर मागल्या जन्मी. याने केले नसेल तर याच्या वाडवडिलांनी. योहानाच्या शुभवर्तमानात अगदी असाच एक प्रसंग आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य येशूला विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या अंधाला दृष्टी देतो.

ज्याच्या मुखी हे उत्तर आहे, त्याच्याच नावाने उभ्या राहिलेल्या धर्मात पुढे असा सिद्धांत रुजला की, प्रत्येक मूल जन्माला येतानाच अपराधी असते. हे कसे घडले, हिंदू विचार त्याला काय उत्तर देतो आणि ते उत्तर देण्याचा अधिकार हिंदू समाजाने आपल्या आचरणाने किती मिळविला, या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

सिद्धांत काय आहे?

उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा सर्वपरिचित आहे. आदाम आणि हव्वा यांनी देवाने निषिद्ध ठरविलेले फळ खाल्ले आणि त्यांना एदेन बागेतून बाहेर काढण्यात आले. त्या कथेत शिक्षा आहे, कष्ट आहेत, मृत्यू आहे. परंतु त्यांच्या वंशजांवर अपराधाचा शिक्का बसल्याचे शब्द नाहीत. ज्यू धर्माने हाच ग्रंथ प्रमाण मानूनही जन्मजात अपराधाचा सिद्धांत स्वीकारला नाही. उलट यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील अठरावा अध्याय स्पष्ट सांगतो की, बापाच्या अधर्माचा भार मुलाने वाहायचा नाही आणि मुलाच्या अधर्माचा भार बापाने. त्याच परंपरेत पितरांच्या अधर्माचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते असेही वचन आहे. म्हणजे हा प्रश्न बायबलच्या अंतरंगातही वादाचाच होता.

ख्रिस्ती मताला निश्चित वळण मिळाले ते संत पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रावरून. एका माणसाद्वारे पाप जगात आले आणि पापाद्वारे मृत्यू आला, अशी मांडणी त्याच्या पाचव्या अध्यायात आहे. मूळ ग्रीक वाक्याचा सरळ अर्थ, सर्वांनी पाप केले म्हणून मृत्यू सर्वांपर्यंत पोहोचला, असा लागतो. लॅटिन भाषांतरात मात्र त्या एका माणसाच्या ठायीच सर्वांनी पाप केले, असा अर्थ वाचला गेला. उत्तर आफ्रिकेतील धर्माचार्य ऑगस्टीन (३५४ ते ४३०) याने त्या अर्थावर आपल्या सिद्धांताचा मोठा भाग उभारला. संपूर्ण मानवजात आदामाच्या ठायी होती, म्हणून त्याचा अपराध सर्वांचा अपराध ठरतो आणि बाप्तिस्म्याविना मृत्यू पावलेले अर्भकही दंडास पात्र राहते, मग तो दंड सौम्यात सौम्य का असेना, येथपर्यंत त्याचा तर्क गेला.

त्याला विरोध झाला नाही असे नाही. ब्रिटनमधून आलेला पेलॅजियस म्हणे की, माणूस भले-बुरे स्वतः निवडतो. आदामाने वाईट उदाहरण घालून दिले, वाईट रक्त नव्हे. ४१८ सालच्या कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलॅजियसचे मत पाखंड ठरविले. १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने हे पाप अनुकरणाने नव्हे तर वंशपरंपरेने संक्रमित होते, असा निर्वाळा दिला. प्रॉटेस्टंट पंथातील कॅल्विनच्या अनुयायांनी त्याला जणू कायद्याची भाषा दिली. आदाम हा मानवजातीचा प्रतिनिधी होता. प्रतिनिधीने केलेला करार मोडला, म्हणून ज्यांचे तो प्रतिनिधित्व करीत होता त्या सर्वांच्या खाती त्याचा अपराध जमा झाला. यालाच आरोपित पाप म्हणतात. १६४७ साली स्कॉटलंडच्या चर्चने स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रात हा सिद्धांत शब्दबद्ध आहे.

त्याच खातेवहीचे दुसरे पान म्हणजे तारण. आदामाचा अपराध जसा न करता माणसाच्या नावे जमा झाला, तसेच ख्रिस्ताचे पुण्य न मिळविता श्रद्धेने त्याच्या नावे जमा होते. ख्रिस्ती भाविक याला कृपा म्हणतो. या कल्पनेचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. राजा आणि भिकारी दोघेही देवापुढे सारखेच अपराधी, म्हणून कोणी कोणापुढे ताठ्याने उभे राहू नये, ही तिच्यातील शिकवण मोलाची आहे. प्रश्न आहे तो तिच्या पायाचा. न केलेले कृत्य एखाद्याचे कसे होऊ शकते?

महाराष्ट्राच्या दारात

हा सिद्धांत महाराष्ट्रात आला तो मुख्यतः स्कॉटिश मिशनऱ्यांबरोबर. १८२९ साली मुंबईत जॉन विल्सन आले. १८४४-४५ च्या सुमारास नागपूर-कामठी परिसरात स्टीफन हिस्लॉप आले. दोघेही वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्राच्या परंपरेत वाढलेले आणि दोघेही विद्याव्यासंगी. हिस्लॉप यांनी विदर्भातील भूगर्भाचा आणि आदिवासी जीवनाचा अभ्यास केला. १८६३ साली टाकळघाट परिसरातील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. अशा माणसांशी वाद करायचा तर तोही विद्येनेच करावा लागणार होता. १८३१ साली मोरभट दांडेकरांनी विल्सन यांना उत्तर देणारा ग्रंथ लिहिला. १८५७ साली विष्णुबाबा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. वाळूवर श्रोते बसले आहेत आणि धर्माच्या गाभ्यावर प्रश्नोत्तरे चालली आहेत, हे चित्र महाराष्ट्राला भूषणावह आहे.

या वादातील सर्वांत नेमके उत्तर मात्र पुढे वर्ध्याला कर्मभूमी करणाऱ्या एका तरुणाने दिले. १८९३-९४ च्या काळात गांधीजी दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला होते. प्लिमथ ब्रदरन या पंथाचा एक गृहस्थ त्यांना आपले मत पटवू पाहत होता. त्याचे म्हणणे असे की, पापाशी झगडत बसणे व्यर्थ आहे. आपला भार येशूने उचलला आहे, तेवढ्यावर विश्वास ठेवला की मन निश्चिंत होते. गांधीजींनी दिलेल्या उत्तराचा आशय त्यांच्या आत्मकथेत नोंदलेला आहे. पापाच्या परिणामांतून सुटका त्यांना नको होती. पापवृत्तीतूनच सुटका हवी होती आणि ती मिळेपर्यंत अस्वस्थ राहण्याची त्यांची तयारी होती. सर्व ख्रिस्ती लोक त्या गृहस्थासारखे मानीत नाहीत, हेही त्यांनी तेथेच प्रांजळपणे नमूद केले.

हिंदू विचाराचे उत्तर

गांधीजींचे हे उत्तर आकाशातून पडलेले नव्हते. वाल्याची गोष्ट प्रत्येक मराठी घरात आजी सांगते. वाटसरूंना लुटून तो संसार चालवी आणि प्रत्येक हत्येमागे रांजणात एक खडा टाकी. नारदांनी त्याला विचारले की, ज्यांच्यासाठी हे करतोस ते या पापाचे वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारतो. बायको नाही म्हणते, आईबाप नाही म्हणतात, मुले नाही म्हणतात. त्या एका नकारातून वाल्मीकी जन्माला आले. ज्या अन्नावर सारे घर पोसले, त्या अन्नाच्या पापात घर वाटेकरी नाही. मग न पाहिलेल्या आदिपुरुषाच्या कृत्यात आज जन्मलेले बालक वाटेकरी कसे?

शास्त्रकारांनी हाच विचार नेमक्या परिभाषेत मांडला. केलेले कर्म फळ न देता नाहीसे होणे हा कृतप्रणाश आणि न केलेल्या कर्माचे फळ पदरी पडणे हा अकृताभ्यागम. कोणत्याही कर्ममीमांसेत हे दोन दोष येता कामा नयेत, असा दार्शनिकांचा कटाक्ष होता. आरोपित पापाच्या सिद्धांतात अकृताभ्यागम सरळसरळ येतो.

येथेच टाळ्या वाजवून थांबता आले असते तर विषय सोपा होता. परंतु सज्जनहो, आरसा दुसऱ्यापुढे धरणाऱ्याने तो स्वतःकडेही वळविला पाहिजे.

आरशातील आपले रूप

आळंदीचा प्रसंग आठवावा. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. हा दोष मानलाच तर तो त्यांचा. परंतु निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार लेकरांवर संन्याशाची पोरे असा शिक्का बसला. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, तरीही मुलांच्या मुंजीला धर्मपीठाची अनुमती मिळेना, असे परंपरा सांगते. कार्थेज आणि ट्रेंट यांना नावे ठेवण्यापूर्वी आळंदी आणि पैठण आठवणे प्राप्त आहे. तत्त्वज्ञानात अकृताभ्यागमाचा निषेध करणाऱ्या समाजाने व्यवहारात चार निष्पाप बालकांवर अकृताचा भार लादला.

ज्ञानदेवांनी त्याला काय उत्तर दिले? ज्यांनी छळले त्यांच्या नाशाची याचना त्यांनी केली नाही. पसायदानात त्यांनी मागितले ते इतकेच की, दुर्जनांचे दुष्टपण गळून पडावे आणि त्यांची सत्कर्मात प्रीती वाढावी. पापी माणूस वेगळा आणि त्याचे पाप वेगळे, ही ती दृष्टी. प्रिटोरियातील तरुणाचे उत्तर आणि आळंदीच्या या योग्याचे मागणे यांची जात एकच आहे.

अस्पृश्यतेचा इतिहास याहून दीर्घ आणि याहून काळा आहे. पूर्वजन्मीच्या पापामुळे हा हीन कुळात जन्मला, असे म्हणून कोट्यवधी माणसांना पाणवठ्यापासून आणि देवळापासून दूर ठेवण्यात आले. कर्मसिद्धांत माणसाला स्वतःच्या कृत्याची जबाबदारी शिकविण्यासाठी होता. तो दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्यासाठी वापरला गेला. ज्याच्या पूर्वजन्माचा कोणताही पुरावा कोणाजवळ नाही, त्याला त्या जन्माचा अपराधी ठरविणे हा आरोपित पापाचाच देशी अवतार होय. वर्ध्याने या अवताराला लवकर निरोप देण्याचा प्रयत्न केला. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. १९३३ च्या नोव्हेंबरात गांधीजींचा हरिजन दौरा वर्ध्यातूनच सुरू झाला.

याच दौऱ्यात असताना जानेवारी १९३४ मध्ये बिहारला भीषण भूकंप झाला. तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेचे कट्टर विरोधक. तरीही त्यांनी या विधानाला जाहीर हरकत घेतली. भूकंपात गाडली गेलेली बालके आणि गरीब माणसे कोणत्या पापाची धनी होती, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. सामूहिक पापाची कल्पना किती मोहक असते आणि किती मोठ्या मनालाही ती कशी स्पर्श करून जाते, याचे हे उदाहरण आहे.

आणि हा रोग केवळ धर्मालाच जडतो असेही नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारध्यांसह कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. पाळण्यातल्या पोराचा गुन्हा कायद्याने आधीच लिहून ठेवला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. विदर्भातील पारध्याच्या मुलाकडे गावाने आणि पोलीस चौकीने पाहण्याची नजर मात्र कायद्याबरोबर रद्द झाली नाही. गावात चोरी झाली की पहिला संशय कोणावर जातो, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारून पाहावे.

मग वारसा कशाचा?

जन्माने पाप येत नाही, हे ठरले. तर मग जन्माने काहीच येत नाही का? पूर्वजांनी जे केले त्याच्याशी आजच्या पिढीचा काहीच संबंध नाही, असे म्हणून हात झटकता येतील का?

येथे वैदिक परंपरेने दिलेला एक शब्द फार मोलाचा आहे. तो शब्द म्हणजे ऋण. तैत्तिरीय संहितेत देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे जन्माबरोबर येतात, असे सांगितले आहे. शतपथ ब्राह्मणाने त्यात मनुष्यऋणाची भर घातली. पाप आणि ऋण दोन्ही वारशाने येऊ शकतात असे वरवर वाटते. पण दोहोंत महदंतर आहे. पाप माणसाला खाली पाहायला लावते, ऋण त्याला कामाला लावते. पापी माणूस क्षमेची वाट पाहतो, ऋणको फेडीचा हिशेब मांडतो. वडिलांनी काढलेल्या कर्जामुळे मुलगा चोर ठरत नाही. परंतु वडिलांची शेती ज्याने घेतली त्याला त्यांच्या कर्जाकडे पाठ फिरवता येत नाही.

ऋणाची ही भाषा किती परिणामकारक असते, हे वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमाने दाखवून दिले. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा धाम नदीच्या काठावरून पायी तेलंगणाकडे निघाले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ झाला. जमीनदाराच्या दारात जाऊन तुझ्या आजोबांनी ही जमीन लुबाडली, तू पापी आहेस, असे ते म्हणाले नाहीत. घरात पाच मुलगे असतील तर सहावा मुलगा म्हणून त्यांनी आपला वाटा मागितला आणि तो भूमिहीनाला दिला. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या केलेल्या माणसाकडून बचाव मिळतो. आप्त मानलेल्या माणसाकडून वाटा मिळतो.

कुष्ठसेवेतही हेच घडले. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे काम सुरू केले. परचुरे शास्त्रींचा अखेरचा काळ याच दत्तपुरात गेला. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान वर्ध्यात उभे राहिले. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ सालीच शोधून काढला होता. पाप-पुण्याचा प्रश्न तेव्हाच मिटायला हवा होता. प्रत्यक्षात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून वगळले गेले ते २०१९ साली. कुष्ठसेवेत ख्रिस्ती मिशनांनी भारतात आधी पाऊल टाकले, हेही मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. त्यांच्या सिद्धांताने मूल जन्मतः पापी ठरे, तरी त्यांच्या हातांनी जखमा धुतल्या. येथील सिद्धांताने कोणी जन्मतः पापी ठरत नव्हता, तरी येथल्या हातांनी रोग्याला गावकुसाबाहेर काढले. सिद्धांत श्रेष्ठ असणे पुरेसे नसते.

वाद कसा करावा?

ख्रिस्ती जगातही हा विचार गोठलेला नाही. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने आदामाच्या पतनाचे परिणाम, म्हणजे मृत्यू आणि दुर्बलता, वंशाला येतात असे मानले. त्याचा व्यक्तिगत अपराध वंशाला येतो, हे मत तेथे रुजले नाही. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षाग्रंथाने, आदिपाप हे वंशजांच्या बाबतीत व्यक्तिगत दोषाच्या स्वरूपाचे नसते, असा खुलासा केला. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने, बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार आहे, असे प्रतिपादन केले. ऑगस्टीनपासून येथवरचा प्रवास सोळा शतकांचा आहे. अर्भकाच्या निरागस मुद्रेपुढे तर्कशास्त्रालाही कधीतरी नमावे लागते.

म्हणून ख्रिस्ती शेजाऱ्याशी बोलताना त्याचे मत त्याच्या ग्रंथांतून समजून घ्यावे. त्याच्या तोंडी न म्हटलेले शब्द घालू नयेत. तसे करणे हेही एक प्रकारचे आरोपित पापच होईल. विनोबांनी बायबलचा अभ्यास करून ख्रिस्तधर्म-सार सिद्ध केला. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा श्रद्धावान ख्रिस्ती होते. येशूविषयीच्या आपल्या पुस्तकात त्यांनी भर दिला तो आचरणावर. एकाच गावच्या परिसरात ही माणसे वावरली आणि मतभेदांनी त्यांच्या कामात कधी भिंत उभी केली नाही. शेजाऱ्याच्या पूर्वजांनी कोठे काय केले याचा जाब आजच्या शेजाऱ्याला विचारण्याचा मोह जेव्हा होईल, तेव्हाही वाल्याच्या घराचा तो नकार आठवावा. न्याय सर्वांना एकच असतो.

परचुरे शास्त्रींच्या कुटीसमोर उभे राहिले की, हा सारा विषय सोपा होतो. तेथे आलेल्या रोग्याला कोणी विचारले नाही की पाप कोणाचे. तेल कोठे आहे, पाणी तापले का, एवढेच प्रश्न तेथे उरले असतील. समाजात आजही असे अनेक जण दाराशी उभे आहेत, ज्यांच्या कपाळावर जन्माचा शिक्का मारलेला आहे. त्यांना पापी ठरविण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्यांचे ऋण मात्र प्रत्येक घरावर आहे, आणि ते फेडण्याचा आरंभ आपल्याच उंबरठ्यापासून होतो.